पाठ भिंतीला, तोंड रस्त्याला

नव्या गावात एस.टी.तून उतरलं की लोक पत्ता विचारतात, ओळखीचं कुणी दिसतंय का बघतात. मी धूर बघते. भट्टी कुणाची पेटलीय, कढईत तेल कुणाचं तापलंय, आणि कोणत्या हॉटेलापुढे ट्रकवाले नि मास्तरलोक दोघंही उभे आहेत. आमचे हे म्हणतात, तुझं नाक माणसाचं नाही. असेना. ही खोड मला अक्कांनी लावली आणि ती सुटावी असं मला कधी वाटलेलं नाही.

अक्का साक्री तालुक्यात अंगणवाडीच्या मुख्यसेविका होत्या. गावोगाव जाऊन अंगणवाड्या तपासायच्या, पोरांची वजनं नीट होतात का बघायचं, वाढीचे तक्ते भरून घ्यायचे, हे त्यांचं काम. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला मी त्यांच्याच हाताखाली नवी मुख्यसेविका म्हणून लागले. त्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. अंगापिंडाने मजबूत, सुती पातळ, आणि पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. पोलीस भरतीला निघालेल्या आजीबाईच जणू. पहिल्या दिवशी मी त्यांच्या बुटांकडे बघून हसले, तर म्हणाल्या, "हस, हस. चपलेचा अंगठा तुटला की रडत माझ्याकडेच येशील." चौथ्या दिवशी तुटला.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या साहेबालाही मोडू देत नसत. गाव कुठलंही असो, आधी नाश्ता, मग अंगणवाडी. घरून डबा आणायचा नाही. सरपंचाच्या घरी तर नाहीच नाही. त्या गावात, नाहीतर फाट्यावर, जे हॉटेल असेल तिथे पैसे देऊन खायचं. आणि ज्या हॉटेलात कधी गेलो नाही ते दिसलं की अक्कांची चाल बदलायची, पोरं जत्रेत शिरतात तशा त्या शिरायच्या.

आत गेलं की पाटी वाचायच्या नाहीत. शेजारच्या टेबलावर डोकवायच्या. "हे काय खाताय तुम्ही? तेच द्या मला." तो बिचारा घास तोंडात धरून बघत राहायचा. मग भट्टीवाल्याला हाक, "घाणा कितवा चाललाय?" पहिल्या घाण्याची भजी त्या घ्यायच्या नाहीत, तेल अजून जागं व्हायचंय म्हणायच्या. निघताना जिलबी नाहीतर शेव पुडीत बांधून घ्यायच्या आणि ती संपली की पुडीचा कागद गाडीत बसून ओळ न ओळ वाचायच्या. त्यांना जगाच्या बातम्या कळायच्या त्या ह्या कागदांवरून, म्हणजे दोन-तीन महिने उशिरा. एकदा कुठल्याशा गावच्या बंद पडलेल्या पाणीयोजनेवर त्या साक्रीपासून धुळ्यापर्यंत संतापल्या, आणि कंडक्टरने सांगितलं की अहो अक्का, तिथे नळ येऊन दिवाळी झाली. "बरं झालं," म्हणाल्या, "मी रागावले म्हणूनच आला असेल."

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. तेव्हा आमच्याकडे हॉटेलात बाई एकटी जात नसे. नवऱ्याबरोबर गेली तरी तिला मागे बसवत. मागे म्हणजे 'फॅमिली रूम'. फळ्यांचा आडोसा, त्याला मेणचट फुलाफुलांचा पडदा, आत एक डुगडुगतं टेबल आणि कोपऱ्यात कांद्याची पोती. उजेड नाही, वारा नाही. पोऱ्या पडद्याखालून प्लेट सरकवायचा. साक्री स्टँडजवळच्या एका हॉटेलात मी अक्कांबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा मालक गल्ल्यावरून अर्धा उठून म्हणाला, "बाई, मांगे बसा ना. फ्यामिली रूम शे मांगे. आठे गडीलोक बसतस."

"इथे गडीलोक बसतात तर बसू द्या की," अक्का म्हणाल्या. "मी काही त्यांच्या मांडीवर बसत नाहीये. खुर्चीवर बसतेय."

आणि बसल्या. दारातल्या पहिल्याच टेबलावर, पाठ भिंतीला, तोंड रस्त्याला. नेहमी तसंच. हॉटेलात सगळे हसले, मालकही हसला. मी मात्र खुर्चीच्या कडेवर अशी टेकले होते, की कुणी खोकलं असतं तरी उठून पळाले असते. पोहे प्लेटीत तसेच राहिले. शेजारी एक फेटेवाले आबा बसले होते. बराच वेळ आमच्याकडे बघून त्यांनी अक्कांना विचारलं, "बाई, कोन समाज म्हने तुमना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्कांनी मिरचीचा देठ मोडला आणि म्हणाल्या, "भुकेला समाज, आबा. जिलबी सरकवा इकडे."

माझ्या तोंडचं पाणी का पळालं ते सांगायला हवं. मी जळगावची, पिंप्राळ्याची. बाबा डाळमिलमध्ये कामाला, धाकटी बहीण शाळेत. आमचं घर बौद्धांचं. मी नोकरीला निघाले तेव्हा बाबांनी नवी पेटी घेऊन दिली आणि आईने त्या पेटीत कपड्यांपेक्षा जास्त सूचना भरल्या. आडनाव कुणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं कर. कुणाच्या माठाला हात लावू नको. हॉटेलात जाऊ नको, बाईमाणसाने जायची जागा नाही ती, आणि आपण तर नाहीच नाही. आई धरणगावकडच्या खेड्यात वाढलेली. तिच्या लहानपणी तिथल्या हॉटेलाबाहेर आपल्या लोकांसाठी वेगळे कप खुंटीला टांगलेले असत; पिऊन झालं की आपणच धुऊन परत टांगायचे. ते कप गेले, पण तिच्या मनातून काही खाली उतरले नव्हते. मी तिची थट्टा करायचे. आणि साक्रीला आल्यावर, बघा माझी शूरता, अगदी तिच्यासारखीच वागायला लागले.

म्हणजे काय, तर उपाशी राहायला लागले. अक्का बरोबर असल्या की कसेबसे चार घास. एकटी दौऱ्यावर गेले की नुसतं पाणी, तेही बाटलीतलं. सकाळी सहाच्या गाडीने निघायचं, दुपारी तीनला खोलीवर येऊन भात टाकायचा. पोटात कावळे ओरडायचे, मी त्यांना गप्प बसवायचे. दीड महिना असा काढला आणि एका बाजाराच्या दिवशी साक्रीच्या स्टँडवर, भर गर्दीत, धाडकन खाली पडले. डोळे उघडले तर एक भाजीवाली माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि लोक विचारत होते, पोटुशी शे का काय.

कुणीतरी जळगावला कळवलं. दोन दिवसांनी बाबा आले. खोलीत पेटीवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "राजीनामा लिही. तुझी आई जेवून नाही राहिली. म्हणते, पोर आणा माझी. वर्षभरात लग्न करून देऊ, संपलं." मी रडले. रडले, पण नाही म्हणाले नाही, हे खरं सांगायला पाहिजे. मनातून मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. घरी आईच्या हातची भाकरी होती.

तेवढ्यात अक्का दारात. सगळं ऐकलं असावं. त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, जळगावहून निघालात ते पहाटेच ना? काही खाल्लंत?"

"नाही म्याडम. भूक नाही."

"तुमच्या घराण्यालाच नाही वाटतं. चला."

आणि त्या बाबांना घेऊन त्याच स्टँडजवळच्या हॉटेलात गेल्या. मी मागून, शेळीसारखी. बाबांना पोहे, भजी, चहा दिला. बाबा अवघडून खात होते आणि अक्का बोलत होत्या. "पोरगी कामाला वाघीण आहे. पोराला काट्याला लावलं की पोर रडत नाही हिच्याकडे. तक्ता असा भरते, की साहेब नमुना म्हणून दाखवतो. हिला एकच येत नाही. हॉटेलात एकटीने बसून खाता येत नाही. तेवढ्यासाठी पर्मनंट नोकरी सोडायची?"

बाबा म्हणाले, "पोटाचं म्हणजे तेवढंसं नसतं म्याडम."

"बरोबर," अक्का म्हणाल्या. "म्हणून एक महिना द्या मला. महिन्याभरात ही एकटी, माझ्याशिवाय, नव्या हॉटेलात जाऊन पुढच्या टेबलावर पोटभर नाश्ता करून आली, तर राहील. नाही आली तर मी स्वतः हिला पिंप्राळ्याला आणून सोडते. राजीनामा मीच लिहीन, माझं अक्षर चांगलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लेटमधल्या शेवेकडे. माझी नोकरी एका प्लेट पोह्यांवर येऊन ठेपली होती.

मग सुरू झालं शिक्षण. छे, काय छळ होता तो! अक्का मला निजामपूरला घेऊन गेल्या, पिंपळनेरला घेऊन गेल्या. आधी मला आत पाठवायच्या आणि स्वतः रस्त्यापलीकडे छत्री उघडून उभ्या. मी दारापर्यंत जाऊन परत यायचे. "काय झालं?" "अक्का, जागा नाही." त्या डोकावून बघायच्या, चार टेबलं रिकामी. "हो बाई," म्हणायच्या, "तुझ्याएवढ्या मोठ्या बाईला चार टेबलं कशी पुरतील." दुसऱ्या वेळी मी बसले, पण पोऱ्याला हाक मारायला तोंड उघडेना. वीस मिनिटं बसून उठले. अक्का म्हणाल्या, "प्रगती आहे. आज खुर्ची गरम केलीस, उद्या प्लेट गरम मिळेल."

महिना निम्मा सरला तेव्हा मला मीटिंगसाठी एकटीला धुळ्याला जायचं होतं. अक्कांनी बजावलं, स्टँडसमोरच्या गल्लीत हिरव्या दाराचं हॉटेल आहे, तिथली मिसळ खाऊनच मीटिंगला जा. मी गेले. हिरवं दार पाहिलं. आतून शंभर डोळे बाहेर बघतायत असं वाटलं, असतील दहा. मी परत स्टँडवर आले, बाकावर बसून बिस्किटांचा पुडा संपवला आणि संध्याकाळी साक्रीला येऊन सांगितलं, "खाल्ली अक्का. मिसळ खाल्ली."

"कशी होती?"

"छान."

"पाव?"

"छान होता."

"तर्री?"

"तीपण छान."

अक्का पुडीचा कागद वाचत होत्या. तो त्यांनी घडी करून ठेवला. "पोरी, पैसे देऊन खाल्लेलं माणसाला सगळंच्या सगळं कधीच छान लागत नाही. तर्री तिखटच लागते, पाव शिळाच असतो, टेबलच पुसलेलं नसतं. सगळं छान आपण फक्त न खाल्लेल्याला म्हणतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग, काय सांगू, मला रागच आला. इतक्या दिवसांचा साठलेला. मी म्हणाले, "तुम्हाला काय हो जातंय! तुम्हाला समाज विचारला तर तुम्ही जिलबी मागता. लोक हसतात, विषय संपतो. मला विचारला तर संपत नाही. आणि एवढं काय आहे त्या नाश्त्यात? नाही खाल्लं तर काय बिघडतं? मी उपाशी राहीन, काम तर करते ना!"

मला वाटलं, आता ह्या छत्रीच हाणतात. पण त्यांनी घडी केलेला कागद पुन्हा उघडला आणि पुन्हा मिटला. मग म्हणाल्या, "पहिलं तू बोललीस ते बरोबर आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्याचं ऐक."

त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीचं पहिलं वर्ष. त्याही अशाच उपाशी फिरायच्या, हॉटेलात बाई कशी जाणार म्हणून. एकदा डोंगराकडच्या पाड्यावर चालत गेल्या. एका घरात पोराचं वजन करायला घेतलं आणि हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. त्या घरातल्या बाईच्या लक्षात आलं. तिने काही न विचारता टोपलीतली भाकर काढली, मिरचीचा ठेचा ठेवला, पुढ्यात दिला. अक्कांनी खाल्ली. सगळी. खाऊन झाल्यावर पोर टोपलीपाशी गेलं, टोपली पालथी करून बघितली आणि आईकडे बघायला लागलं. घरात ती एकच भाकर होती.

"आणि मग मी त्या पोराला काट्याला लावलं," अक्का म्हणाल्या. "वजन कमी भरलं. तक्त्यात तसं लिहिलं. त्याच्या आईला वर ऐकवून आले, की पोराला वेळेवर खाऊ घालत जा. मी. तिची भाकर खाऊन." त्यांनी चष्मा काढला आणि पातळाला पुसला. "म्हणून सांगते, उपाशीपोटी कुणाच्या दारात वजनकाटा घेऊन जायचं नाही. तू नाही म्हणालीस तरी ते तुला देतील. त्यांचं असतं नसतं ते देतील."

त्या रात्री मला झोप आली नाही. पण खरं सांगू, त्या गोष्टीने मी लगेच शूर झाले असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही हॉटेलापुढून गेले आणि पुढेच गेले. फक्त आता मला माझी लाज वाटायला लागली.

महिना संपायला चार दिवस होते. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर वजनाचा दिवस ठरला होता. अक्कांचा गुडघा सुजला म्हणून मी एकटी निघाले. एस.टी.ने फाट्यावर सोडलं. तिथून पाडा तासभर चालत. फाट्यावर पत्र्याचं एक हॉटेल होतं, मी कधी न पाहिलेलं. दारात बाभळीच्या लाकडांचा जाळ, कढई, दोन बाकं, आत तीन टेबलं. सात-आठ माणसं बसलेली. माझ्या खांद्यावर झोळी आणि झोळीत वजनकाटा. तो काटा मला त्या दिवशी फार जड लागला.

मी आत गेले. पाय बाहेरच राहिले असते तर बरं असं वाटत होतं, पण तेही माझ्याबरोबर आले. दारातल्या टेबलावर बसले. पाठ भिंतीला लावली. कढईपाशी बसलेल्या मालकाने पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"काय देऊ, बाई?"

माझ्या शेजारी एक जण काहीतरी खात होता. मी बोट दाखवलं. आवाज निघाला तो माझा नव्हताच, उंदराचा होता. "हे."

पोहे होते ते, वर शेंगदाणे आणि शेव. मालक वाढायला लागला आणि वाढता वाढता त्याने विचारलं, "कोठल्या तुम्ही? आडनाव काय?"

अक्कांचं उत्तर मला पाठ होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. सगळे हसले असते, विषय संपला असता. पण ते उत्तर माझं नव्हतं, आणि कंटाळा आला होता मला. आईच्या खुंटीवरच्या कपांचा, माझ्या बाटलीतल्या पाण्याचा. मी म्हणाले, "जळगावची, पिंप्राळ्याची." आणि आडनाव सांगितलं. पूर्ण, मोठ्याने, शाळेत हजेरीला सांगतात तसं.

पलीकडच्या बाकावरचा एक जण उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. का उठला, मला माहीत नाही. विडी ओढायलाही उठला असेल. नसेलही. मालकाच्या हातातली प्लेट जिथे होती तिथेच एक क्षण थांबली. मग त्याने वर आणखी चमचाभर शेव घातली, प्लेट आणून माझ्यापुढे ठेवली आणि सगळ्यांसारख्याच पेल्यात त्याच माठातलं पाणी ठेवलं. "वजनवाल्या बाई का तुम्ही? गरम शे, खाई ल्या. चढण शे पुढे."

मी खाल्लं. सगळं खाल्लं. पहिले चार घास भीतीने, पुढचे भुकेने. पाचव्या घासाला मला जाणवलं की पोह्यांत मीठ नाही. आणि मी, जिच्या तोंडून पोऱ्याला हाक निघत नव्हती ती मी म्हणाले, "भाऊ, मीठ विसरलात."

मालकाने चिमूटभर पोहे तोंडात टाकून बघितले. "हाव ना," म्हणाला आणि बाकांवर बसलेल्या गिऱ्हाईकांवर खेकसला, "कवाचे खाई राहिनात, एक जण नही बोलना!" सगळे हसले. मीही.

त्या दिवशी पाड्यावर एका घरात बाईने माझ्यापुढे भाकर ठेवली. मी म्हटलं, "ताई, मी खाऊन आलेय," आणि ती भाकर उचलून तिच्या पोराच्या हातात दिली.

महिना संपला आणि बाबा आले. पुन्हा तेच साक्रीचं हॉटेल, तेच दारातलं टेबल. बाबांनी मला विचारलं, "मग? बसलीस का एकटी?"

"बसले."

"कसं होतं?"

"मीठच नव्हतं पोह्यांत. सांगावं लागलं मला."

अक्का भजी खात होत्या. त्यांनी ती खाली ठेवली, बाबांना म्हणाल्या, "भाऊ, संध्याकाळची गाडी साडेपाचला आहे. एकट्याचं तिकीट काढा."

बाबांना हसू आलं. पण ते मान हलवत म्हणाले, "मला पटलं म्याडम. पण आमच्या घरातला निकाल माझ्याकडे नसतो. तिची आई म्हणते, मी माझ्या डोळ्यांनी बघीन तेव्हाच. आणि ती नाही म्हणाली तर पोरगी न्यावी लागेल. आई तिची खरंच जेवून नाही राहिली."

"मग त्यांना आणा," अक्का म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाबा आईला घेऊन आले. आई ह्याआधी एस.टी.ने एवढ्या लांब कधी आली नव्हती. तिने नवं लुगडं नेसलं होतं, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. खोली बघितली, माझे हात चाचपून बघितले, बारीक झालीस म्हणाली. अक्कांनी तिला बोलूच दिलं नाही. "आधी नाश्ता. बाकी सगळं नंतर."

हॉटेलाच्या दारात आई थांबली. तिची नजर आपोआप बाहेरच्या भिंतीवर गेली. खुंटी शोधत होती ती, हे मला कळलं. अक्कांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी आईचा हात धरला, आत नेलं आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसल्या, रस्त्याकडे पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

पोऱ्या आला. "काय आणू?"

बाबांनी सांगितलं, मी सांगितलं, अक्कांनी सांगितलं. मग तो आईकडे वळला. "तुमले काय देऊ, मावशी?"

आई गोंधळली. तिने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "काय उरेल शे?"

काय उरलंय, असं विचारत होती ती. बाबांनी मान खाली घातली. आमच्या घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई टोपलीत बघायची, पातेल्यात बघायची आणि जे असेल ते खायची. नाश्ता म्हणजे रात्रीची उरलेली भाकर, चहात बुडवून. एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं, की तुला काय हवं. मीसुद्धा नाही. साक्रीला येऊन मी हॉटेलाला घाबरून रडत होते, आणि घरी ही उरल्यासुरल्यावर भागवत होती.

अक्कांनी चष्मा सारखा केला, भिंतीवरच्या पाटीकडे वळल्या, आणि जी पाटी त्या कधी वाचत नसत ती पहिल्या ओळीपासून आईला वाचून दाखवायला लागल्या. पोहे. मिसळ. मिरचीची भजी. कांद्याची भजी. बटाटेवडा. जिलबी. सावकाश, लहान मुलाला गोष्ट वाचतात तशी. संपल्यावर म्हणाल्या, "ह्यातलं काहीच उरलेलं नाही, बाई. सगळं आत्ता होतंय. सांगा."

आई पाटीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. मग म्हणाली, "जिलबी. गरम असीन तर."

जिलबी आली. आईने पदर मागे सारला. एक तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला. डोळे मिटले. दुसरा तुकडा. आमच्या तिघांच्या प्लेटी केव्हाच संपल्या होत्या. बाबांना गाडीची घाई, ते चुळबुळ करायला लागले. शेवटी म्हणाले, "मग काय ठरलं? पोरीचं सामान बांधायचं का? तीनची गाडी शे."

आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाली, "पहिले खाऊ द्या ना माले."

बाबांनी पाण्याचा पेला उचलून तिच्याजवळ ठेवला. आम्ही थांबलो. अक्का थांबल्या, मी थांबले, बाबा हात मांडीवर ठेवून थांबले, आणि आई सावकाश, एकेक तुकडा मोडून, खात राहिली. आई जेवतेय आणि बाकीचे सगळे तिच्यासाठी खोळंबलेत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

शेवटचा तुकडा संपला. आईने बोटांना लागलेला पाक चाटला, हात पदराला पुसला आणि बाबांना म्हणाली, "राहू द्या तिले इथंच. आन पुढल्या वक्ताले धाकटीले बी आणा."